खांब कायमचे, भिंती तात्पुरत्या

गोकुळ रोड हे नाव ऐकून परगावच्या माणसाला गाई-वासरे आणि यमुनेचा काठ आठवत असेल. आम्हा हुबळी-धारवाडकरांना मात्र आठवते ती यंत्रांची घरघर. गोकुळ नावाच्या खेड्याकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या कडेने औद्योगिक वसाहत उभी राहिली, किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना आला, व्हॉल्व्ह तयार करणारे कारखाने आले. १९९७ साली वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ स्थापन झाले, त्याचेही मुख्य कार्यालय येथेच. पुढे विमानतळ लागतो. त्याची नवी इमारत २०१७ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि २०१८ साली देशपांडे फाउंडेशनचे नवउद्योगांसाठीचे मोठे केंद्र त्याच परिसरात उघडले. एका पिढीच्या डोळ्यांदेखत या रस्त्याने इतकी रूपे पालटली, की येथे इमारत बांधणाऱ्याने आपली गरज कायम तशीच राहील असे गृहीत धरणे धाडसाचेच ठरावे.

हा विचार मनात येण्यास एक घरगुती निमित्त घडले. गेल्या दिवाळीत माझा पुतण्या नकाशाची गुंडाळी घेऊन घरी आला. वीज मोजणारी आणि तिचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे तो याच परिसरात तयार करतो. कारखान्याच्या शेजारी तीन मजली कार्यालय बांधावे असे त्याच्या मनात होते. त्यासाठी लागणाऱ्या पैशांचा मोठा वाटा धारवाडच्या आमच्या जुन्या वाड्याच्या विक्रीतून यायचा होता. त्यामुळे हा नकाशा म्हणजे एका अर्थी पाच पिढ्यांच्या बिऱ्हाडाचा हिशोब होता.

"काका, तुम्ही उभी नोकरी सरकारी इमारतींत काढलीत. एकदा नजर टाका," तो म्हणाला.

मी नकाशा उलगडला. प्रत्येक मजला नऊ इंची विटांच्या भिंतींनी खोल्याखोल्यांत विभागलेला होता. हिशोब, विक्री, खरेदी, आरेखन अशी प्रत्येक खोलीवर विभागाची पाटी होती. जिना नेमका मधोमध आणि स्वच्छतागृहे तीन मजल्यांवर तीन ठिकाणी.

"पाच वर्षांनी तुझ्याकडे हेच विभाग असतील का रे?" मी विचारले.

तो हसला. "पाच वर्षांपूर्वी यातले दोन नव्हतेच, काका."

या प्रश्नामागे माझा स्वतःचा एक जुना सल आहे. सेवेत असताना एका जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयाच्या नव्या इमारतीच्या अंदाजपत्रकावर माझी सही झाली होती. खांब-तुळयांच्या चौकटीपेक्षा भार वाहणाऱ्या भिंतींची इमारत स्वस्त पडत होती. बचत दाखवता येत होती आणि मीही ती अभिमानाने दाखवली. काही वर्षांतच संगणक आले. तारा कोठून न्यायच्या हा प्रश्न आला, लहान खोल्या एकत्र करण्याची गरज पडली. पण ज्या भिंतीला हात लावावा तिच्याच डोक्यावर वरचा मजला. शेवटी ते कार्यालय भाड्याच्या जागेत गेले आणि आम्ही बांधलेली इमारत जुन्या दप्तरांचे गोदाम झाली. जी बचत मी कागदावर दाखवली, ती भाड्याच्या रूपाने केव्हाच वाहून गेली.

गंमत अशी, की जी गोष्ट मला सरकारी नियमावलीत सापडली नाही ती आमच्या वाड्यात डोळ्यांसमोर होती. १७९१ साली परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडचा किल्ला घेतला. त्या काळात आणि त्यानंतर या मुलखात येऊन राहिलेल्या घराण्यांपैकी अनेकांची घरे आपल्या वाचकांनी पाहिली आहेत, काहींनी त्यांत जन्मही घेतला आहे. बाहेरच्या भिंती जाडजूड, पण आतला सारा संसार सागवानी खांबांवर. दोन खांबांमधील जागा म्हणजे एक खण, साधारण पाच फुटांच्या आसपास. घर किती मोठे याचे उत्तर खोल्यांत नव्हे, तर खणांत दिले जाई. (आपल्याकडच्या बायकांना खण म्हटले की गुळेदगुड्डचे चोळखण आठवतात; तोही मापाचाच तुकडा, कसा शिवायचा हे नेसणारीने ठरवायचे.) खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट आणि माथ्यावर माळवद. भार तेथून खाली उतरे तो खांबांतून. दोन खांबांमधली भिंत पुष्कळदा केवळ आडोसा असे. ती काढली तरी छप्पर जागचे हलत नसे.

म्हणून आमच्या वाड्याने किती वेष पालटले! आजोबांच्या काळी पुढच्या सोप्यात वकिलीची कचेरी होती. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा फळ्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. नंतर त्याच सोप्यात काही वर्षे बालवाडी भरली आणि शेवटी कॉलेजची मुले भाड्याने राहिली. चौकातून येणारा उजेड आणि वारा सर्वांना सारखाच मिळाला. वाड्याच्या मूळ पुरुषाने यांतील एकाही वापराची कल्पना केली नव्हती. त्याने केले एवढेच, की खांब, चौक आणि जिना यांच्या जागा विचारपूर्वक ठरवल्या आणि बाकीचे पुढच्यांवर सोडले.

आधुनिक मराठी उद्योगाच्या इतिहासातही हा धडा फार लवकर भेटतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच भागातले, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक आरेखन शिकवीत. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचा आणि पुढे शेतीच्या अवजारांचा व्यवसाय वाढवला. कारखान्याची जागा नगरपालिकेच्या विस्तार योजनेत गेली आणि चालता कारखाना उचलण्याची वेळ आली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, पैशांचे साहाय्य केले आणि १९१० साली किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. तेथे काय तयार झाले याची यादीच पाहावी: लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे, उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पंप, लेथ आणि लोखंडी फर्निचरसुद्धा. दर काही वर्षांनी नवा माल, नवी यंत्रे, नवी मांडणी. नांगराच्या मापाची इमारत बांधली असती तर तिच्यात पंप मावला नसता. १९२० साली तेथूनच 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. म्हणजे नांगराच्या कारखान्याच्या आवारात संपादकाचे टेबलही आले! पुढे १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर आणि १९४६ साली बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झाले. आपल्या गोकुळ रोडवरील कारखाना त्याच वंशवेलीवरचा. हरिहरची कंपनी पुढे बंद पडली, हेही विसरून चालत नाही. उद्योगाचे आयुष्य आणि इमारतीचे आयुष्य ही दोन वेगळी आयुष्ये आहेत. बांधताना ती एकच वाटतात.

या दोन आयुष्यांची गफलत झाली म्हणजे काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील बफेलो शहरात घडले. साबण तयार करून टपालाने विकणाऱ्या लार्किन कंपनीसाठी फ्रँक लॉइड राइट या थोर वास्तुविशारदाने बांधलेली कचेरी १९०६ साली पूर्ण झाली. मधोमध वरपर्यंत उघडा उजेडाचा चौक, बाहेरचा धूर आत येऊ न देता शुद्ध केलेली हवा, पोलादी फर्निचर आणि खुर्चीसुद्धा टेबलाला जोडलेली. त्या काळच्या पत्रव्यवहाराच्या कामासाठी इतकी नेमकी इमारत क्वचितच बांधली गेली असेल. परंतु टपालाने माल विकण्याचा तो धंदाच ओसरला. कर थकले, इमारत नगरपालिकेच्या ताब्यात गेली, तिला उपयोग सापडेना आणि १९५० साली ती पाडण्यात आली. रचनेतील ताठरपणा हेच एक कारण होते असे म्हणणे राइटवर अन्याय करणारे होईल. तरीही जे वस्त्र एकाच्याच अंगाचे माप घेऊन शिवले, ते दुसऱ्याला चढवणे अवघड गेले, हे खरे.

दुसऱ्या महायुद्धानंतर विचार उलट दिशेने वळला. जर्मनीत हँबुर्गजवळच्या क्विकबॉर्न गावी श्नेले बंधूंनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस भिंतीविना कचेरीची कल्पना मांडली. कागद कोणाकडून कोणाकडे जातो हे पाहून टेबले मांडायची, मध्ये कुंड्या आणि हलवता येणारे पडदे ठेवायचे. अमेरिकेत हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्टने १९६४ मध्ये, आणि सुधारून १९६८ मध्ये, हवी तशी जोडता येणारी टेबले, फळ्या आणि आडोसे यांची योजना आणली. हेतू असा, की माणसाने आपल्या कामाप्रमाणे आपली जागा बदलावी. कंपन्यांनी मात्र त्याच आडोशांचे एकसारखे खुराडे करून कमी जागेत जास्त माणसे बसवली. स्वतः प्रॉप्स्टलाही हा परिणाम रुचला नाही. लवचीक इमारत आपोआप माणुसकीची होत नाही, एवढा बोध येथून घ्यावा. भिंत काढणे सोपे आहे; पण तिच्याबरोबर माणसाची खिडकी, त्याची शांतता आणि त्याची स्वतःची अशी जागा गेली, तर त्याला सुधारणा कसे म्हणावे?

तंत्रज्ञानाच्या उत्पादकाची लवचीक कचेरी कशी असावी, याचे मला सर्वांत पटलेले उदाहरण इंग्लंडमधील आहे. संगणक तयार करणाऱ्या आयबीएम कंपनीला पोर्ट्समथजवळच्या कॉशम येथे सुमारे हजार माणसांसाठी काही वर्षांपुरती कचेरी हवी होती. कंपनीच्या डोक्यात तयार खोपटी आणून ठेवण्याचा विचार होता. तेव्हा तरुण असलेल्या नॉर्मन फॉस्टर यांनी सांगितले, की तेवढ्याच खर्चात आणि तेवढ्याच वेळात खरी इमारत होऊ शकते. १९७१ साली ती उभी राहिली. एकच मजला, हलकी पोलादी चौकट, तारा आणि हवेची यंत्रणा छपराच्या पोकळीत, आणि तेथून तारा खाली उतरायच्या त्या पोकळ खांबांतून. संगणकाची खोली, कचेरी, उपाहारगृह सारे एका छपराखाली. जी तात्पुरती समजली गेली होती ती इमारत कंपनीने पुढे ठेवूनच घेतली. तात्पुरत्या भिंतींनी इमारतीला दीर्घायुष्य दिले, असेच म्हटले पाहिजे.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे. पवनचक्क्या तयार करणाऱ्या सुझलॉन कंपनीचे 'वन अर्थ' हे मुख्यालय हडपसर येथे २००९ साली तयार झाले. जन्माने अमेरिकन, परंतु पुण्यात स्थायिक होऊन २०२४ साली निवर्तलेले ख्रिस्तोफर बेनिंजर हे त्याचे वास्तुविशारद. काचेचा उंच मनोरा उभारण्याऐवजी त्यांनी बुटके मजले पसरले, मध्ये चौक ठेवला, पाणी आणि झाडे आत आणली, बाहेरून उन्हाला अडवणाऱ्या पट्ट्या लावल्या आणि बहुतेकांच्या टेबलापर्यंत दिवसाचा उजेड पोहोचवला. चौक आणि त्याभोवतीचे मजले पाहिले म्हणजे वाड्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

परंतु मला महत्त्वाचे वाटते ते या इमारतीचे नंतरचे चरित्र. कंपनी कर्जात सापडली. २०१२ साली परदेशी रोख्यांची परतफेड तिला करता आली नाही. पुढे ती सावरली. २०२४ साली तिने हेच मुख्यालय ४४० कोटी रुपयांना विकण्याचे जाहीर केले आणि तीच जागा पाच वर्षांपर्यंत भाड्याने घेण्याची सोय करून ठेवली. म्हणजे मालकाचा भाडेकरू झाला, पण त्यासाठी कोणाचे टेबल हलवावे लागले नाही. इमारत दुसऱ्यालाही उपयोगी पडेल अशी होती, म्हणून ती विकली गेली. आणि विकली गेली म्हणून अडीनडीला कामास आली. सोन्याच्या पाटल्यांविषयी आपल्या आया-आज्या हेच सांगत नव्हत्या काय?

हे सारे मी पुतण्याला सांगत होतो तेव्हा तो सुरुवातीला कौतुकाने ऐकत होता. सुझलॉनच्या विक्रीपाशी आल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला.

"काका, अजून पाया खणला नाही आणि तुम्ही विकायचं बोलता? वाडा विकून बांधतोय मी ही इमारत."

त्याचे दुःख मला समजले. वाड्याच्या बदल्यात येणारी वस्तू तरी कायम आपली राहावी, असे त्याला वाटत होते. म्हणूनच त्या नऊ इंची भिंती होत्या. मी त्याला एवढेच म्हटले, की ज्या पूर्वजाने वाडा बांधला त्यालाही तो विकला जाईल असे वाटले नसणार. तरीपण त्याने तो असा बांधला, की पाच पिढ्या त्यात पाच तऱ्हांनी राहिल्या. आज त्याच्या विक्रीतून तुझ्या कारखान्याला हातभार लागतो आहे. तू जे बांधशील त्यात तुझी मुले काय करतील, हे तुला ठाऊक नाही. ते ठाऊक नाही हे मान्य करून नकाशा काढ.

मग आम्ही त्याच्या वास्तुविशारदाला बोलावून तीन बैठका घेतल्या. त्यांतून जे ठरले ते येथे थोडक्यात देतो. ज्यांच्या घरी अशा गुंडाळ्या उलगडल्या जात असतील त्यांना ते उपयोगी पडेल.

खांब सुमारे आठ-आठ मीटरवर, सर्व मजल्यांवर एकाच रेषेत. जिना, लिफ्ट, स्वच्छतागृहे आणि तारा-नळांचा उभा मार्ग इमारतीच्या दोन टोकांना, म्हणजे मधला सारा मजला मोकळा राहतो आणि उद्या अर्धा मजला दुसऱ्याला दिला तरी त्याला स्वतंत्र वाट मिळते. इमारतीची रुंदी पंधरा मीटरच्या आसपास, म्हणजे कोणीही खिडकीपासून सात-आठ मीटरपेक्षा लांब बसणार नाही. लांबी पूर्व-पश्चिम, खिडक्या उत्तर-दक्षिणेला. पश्चिमेचे ऊन आणि आषाढातला झोडपणारा पाऊस, दोन्ही अरुंद बाजूवर पडतात. स्लॅब ते स्लॅब उंची साडेबारा ते तेरा फूट, कारण तारा आणि हवेच्या नळ्यांना वरून किंवा खालून जागा लागतेच, आणि उंची मागाहून वाढवता येत नाही.

भाराचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ८७५, भाग २, १९८७) वेगळे कोठार असलेल्या कचेरीची जमीन दर चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन भारासाठी धरतात, कोठार वेगळे नसेल तर ४ आणि हलक्या कारखान्यासाठी ५, म्हणजे साधारण ५०० किलो. पुतण्याने तळमजला आणि पहिला मजला ५ च्या हिशोबाने करायचे ठरवले. आज तेथे आरेखन करणारी मुले बसतील. उद्या उपकरणांच्या चाचणीची यंत्रे किंवा जुळणीची टेबले आणावीशी वाटली तर जमीन नाही म्हणणार नाही. यासाठी लोखंड-सिमेंटचा खर्च वाढला. तो त्याने तिसऱ्या मजल्याची सजावट पुढे ढकलून भरून काढला. आतले आडोसे हलक्या फळ्यांचे आणि काचेचे. मात्र मोठ्याने बोलण्याच्या आणि एकाग्रतेने काम करण्याच्या खोल्या बंदिस्त, कारण प्रॉप्स्टच्या खुराड्यांची गोष्ट त्याला नीट लक्षात राहिली होती.

एका गोष्टीवर त्याने माझे ऐकले नाही. तळमजल्यावरची स्वतःची खोली त्याने विटांचीच ठेवली. "एक तरी भिंत मला ठोकून बघता आली पाहिजे," तो म्हणाला. मी आग्रह धरला नाही. ती भिंत भार वाहत नाही, एवढे मात्र वास्तुविशारदाकडून खात्री करून घेतले. कधी तरी त्याची मुलगी ती काढील, किंवा काढणार नाही. ते तिने ठरवावे.

वाडा रिकामा करण्याच्या दिवशी आम्ही सर्व भावंडे धारवाडला जमलो होतो. फळ्यांचे आडोसे आधीच निघाले होते. पुष्कळ वर्षांनी सोपा, माजघर आणि चौक एका नजरेत दिसत होते. मी सवयीने खण मोजले. पुतण्या जवळ येऊन उभा राहिला आणि दोन खांबांमधले अंतर पावलांनी मोजू लागला. नव्या इमारतीचा नकाशा त्याच्या हातात होता.